मात्स्यन्याय आणि मत्स्यालय : भक्षक माशांच्या सागरी टाकीत लहान माशांचा प्रवेश

सारांश : महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून आता खाऱ्या पाण्याची मत्स्यालये दिसू लागली आहेत. अशा टाकीत लायनफिश, हेकरू, ट्रिगरफिश यांसारखे भक्षक मासे अगोदरपासून असतील, तर त्यात लहान मासे कसे सोडावेत, सोडावेत की नाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्यामागे प्राणिवर्तन, शरीरक्रिया, परिस्थितिकी व अध्यापनातील नीती यांचे अनेक मुद्दे दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात भक्षण व आक्रमकता यांतील भेद, भक्षकाच्या तोंडाची मर्यादा, संधिप्रकाशाचे महत्त्व, लहान माशावर पडणारा प्रवासाचा ताण आणि प्रवेशाची टप्प्याटप्प्याची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

कळीचे शब्द : सागरी मत्स्यालय, भक्षण, आक्रमकता, संधिप्रकाश, विलगीकरण, आश्रयस्थान.

१. प्रस्तावना

मोठा मासा लहान माशाला गिळतो, या निरीक्षणाला भारतीय विचारपरंपरेत फार जुने स्थान आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंडशक्तीच्या अभावी निर्माण होणाऱ्या अराजकाला ‘मात्स्यन्याय’ असे म्हटले आहे. राज्यशास्त्राच्या अध्यापकांना ही संज्ञा परिचित आहेच. परंतु त्याहून प्राचीन अशा शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्याची कथा प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक उद्बोधक वाटावी अशी आहे. मनूच्या ओंजळीत आलेला लहानसा मासा त्याच्याकडे रक्षण मागतो. आम्ही लहान असेपर्यंत मोठे मासे आम्हांला खातात, असे त्याचे म्हणणे असते. म्हणून त्याला प्रथम एका घटात, घट अपुरा पडल्यावर खणलेल्या खड्ड्यात आणि पुरेसा मोठा झाल्यावर समुद्रात सोडावे, असा मार्ग तो स्वतःच सुचवितो. कथेचा धार्मिक आशय क्षणभर बाजूला ठेवला, तर लहान माशाला वेगळ्या जागी वाढवून भक्षकांच्या तोंडात न मावण्याइतका झाल्यावर मोठ्या पाण्यात सोडणे, ही आजच्या मत्स्यपालनातील मूलभूत पद्धत तीत स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना जिवंत सागरी माशांचे पहिले दर्शन मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात घडले. हे मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. आता विद्युत पंप, कृत्रिम सागरी क्षार व गाळणयंत्रे सहज मिळत असल्याने एखाद्या महाविद्यालयालाही लहान प्रमाणात असे मत्स्यालय उभारणे शक्य झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांनंतर प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून विच्छेदन मागे पडले आणि जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाला महत्त्व आले, हेही त्यामागील एक कारण आहे. मात्र निरीक्षणासाठी ठेवलेल्या प्राण्याचा जीव आपल्या अज्ञानाने जात असेल, तर विच्छेदन सोडून आपण काय साधले, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन या प्रश्नातूनच निर्माण झाले.

२. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या विभागात पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत सुमारे सोळा सेंटिमीटर लांबीचा एक लायनफिश आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आणून दिलेला, त्याच्याहून किंचित लहान असा एक हेकरू होता. दोन्ही मासे संथ होते. दिवसभर ते दगडांच्या आडोशाला स्थिर असत. टाकी रिकामी वाटते म्हणून मुंबईतील एका विक्रेत्याकडून हिरव्या क्रोमिस जातीचे आठ मासे आणले. प्रत्येक मासा चार सेंटिमीटरच्या आसपास होता. नवे मासे सोडताना दिवे मालवावेत, म्हणजे जुने मासे त्यांच्यावर धावून जात नाहीत, असे अनेक मार्गदर्शक पुस्तकांत लिहिलेले असते. त्याप्रमाणे सायंकाळी महाविद्यालय सुटण्याच्या वेळी मासे सोडले व दिवे मालवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मासे उरले होते. तिसऱ्या दिवशी एकही नव्हता. विद्यार्थ्यांनी गाळणयंत्र उघडून पाहिले, दगडांखाली शोधले. मृत मासा कोठेही सापडला नाही. शेवटी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपण त्यांना टाकीत सोडलं, की याला खायला घातलं?” या प्रश्नाला त्या वेळी देण्याजोगे उत्तर नव्हते. पुस्तकातील सूचना तंतोतंत पाळूनही असे का घडले, याचा शोध घेताना जे हाती आले, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

३. आक्रमकता आणि भक्षण : दोन भिन्न वर्तने

या शोधातील पहिला व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की एका माशाने दुसऱ्यावर हल्ला करणे ही एकच गोष्ट नाही. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आक्रमकतेवरील ग्रंथाचा प्रारंभ प्रवाळखडकावरील व मत्स्यालयातील माशांच्या निरीक्षणांनी होतो. प्रवाळखडकावरील भडक रंगांचे मासे प्रामुख्याने आपल्याच जातीच्या माशांवर तुटून पडतात, कारण हा झगडा क्षेत्राचा असतो, असे त्यांनी दाखविले. भक्ष्यावर झडप घालणाऱ्या प्राण्याच्या ठिकाणी मात्र अशी वैरभावना नसते. लोरेन्झ यांना १९७३ मध्ये निको टिनबर्गेन व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्राणिवर्तनावरील अशाच पायाभूत कार्यासाठी.

मत्स्यालयाच्या दृष्टीने या भेदाचा अर्थ स्पष्ट आहे. डॅमसेल, सर्जनफिश किंवा ट्रिगरफिश नवागतावर धावून जातो तेव्हा तो आपले क्षेत्र राखत असतो. हे मासे दिवसा क्रियाशील असतात व दृष्टीवर अवलंबून असतात. म्हणून दिवे मालवणे, दगडांची मांडणी बदलून जुन्या सीमा मोडणे, एकाच वेळी अनेक मासे सोडून हल्ला विभागला जाईल असे पाहणे, हे उपाय तेथे लागू पडतात. लायनफिश व हेकरू यांचे तसे नाही. ते क्षेत्र राखत नसून अन्न मिळवत असतात. दगडांची मांडणी बदलल्याने भूक कमी होत नाही. उलट एकदम अनेक लहान मासे सोडणे म्हणजे त्यांच्यापुढे भरलेले ताट ठेवण्यासारखे ठरते. आमच्या हातून झालेली चूक हीच होती. आक्रमकतेवरचा उपाय आम्ही भक्षणावर योजला.

४. संधिप्रकाशाचा धोका

दिवे मालवण्याची सूचना भक्षकांच्या टाकीत घातक का ठरते, याचे उत्तर समुद्रातील निरीक्षणांतून मिळते. एडमंड हॉबसन यांनी हवाई बेटांच्या कोना किनाऱ्यावर प्रवाळखडकावरील माशांच्या सायंकाळच्या व पहाटेच्या हालचालींचा अभ्यास करून १९७२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. दिवसा वावरणारे मासे सूर्यास्ताच्या सुमारास आपापल्या आश्रयाला जातात आणि रात्री वावरणारे मासे त्यानंतर बाहेर पडतात. या दोहोंच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटांचा असा काळ येतो, की खडकावरील पाण्यात लहान मासे जवळजवळ दिसतच नाहीत. या काळात पाण्यात राहणे लहान माशाला परवडणारे नसते.

याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. दिवसा वावरणाऱ्या माशाची दृष्टी मुख्यतः शंकुपेशींवर चालते. उजेड मंदावला की दंडपेशींकडे कार्य सोपविले जाते, परंतु हा बदल तत्काळ होत नाही. संधिप्रकाशात शिकार करणाऱ्या माशाचे डोळे त्याच मंद, निळसर प्रकाशाला अनुकूल असतात. शिवाय तो खालून वर पाहतो, तेव्हा आकाशाच्या उरल्यासुरल्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर लहान माशाची आकृती त्याला स्पष्ट दिसते. लहान माशाला मात्र खालच्या काळोखातील भक्षक दिसत नाही.

टाकीत सायंकाळी दिवे मालवून नवे मासे सोडणे म्हणजे त्यांना याच काळात, तेही आश्रयस्थान ठाऊक नसताना, लोटणे होय. ज्या टाकीत केवळ क्षेत्रनिष्ठ मासे आहेत, तेथे अंधार मित्र ठरतो. जेथे संधिप्रकाशातील शिकारी आहेत, तेथे भर दिवसाचा उजेड मित्र ठरतो. दोन्ही प्रकारचे मासे एकाच टाकीत असतील, तर केवळ प्रकाशाच्या वेळेवर विसंबून चालत नाही. पुढे वर्णिलेली छिद्रयुक्त पेटी अपरिहार्य ठरते.

५. भक्षकाच्या तोंडाचे माप

भक्षक माशांचे ढोबळमानाने दोन गट पाडता येतात : गिळणारे आणि चावणारे. लायनफिश, हेकरू व फ्रॉगफिश हे पहिल्या गटात येतात. ते तोंडाची पोकळी एकाएकी विस्तारतात. आत निर्माण झालेल्या कमी दाबामुळे पाण्याबरोबर भक्ष्य खेचले जाते. फ्रॉगफिशमध्ये ही क्रिया सुमारे सहा मिलिसेकंदांत पूर्ण होत असल्याचे नोंदले गेले आहे. म्हणजे मानवी डोळ्याला ती दिसतही नाही. आठ मासे नाहीसे झाले आणि झटापटीची एकही खूण उरली नाही, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

गिळणाऱ्या माशाला भक्ष्य अख्खे तोंडात मावावे लागते, म्हणून या गटाबाबत मापाचा नियम उपयोगी पडतो. येथे लहान माशाची लांबी पाहण्याची सवय असते. परंतु त्याच्या शरीराची उंची, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतचे अंतर, अधिक निर्णायक असते. क्रोमिस किंवा गोबीसारखा सडपातळ मासा आपल्यापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या भक्षकाच्याही तोंडात सहज जातो. याउलट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा डॅसिलस हा मासा आखूड, उंच व काटेरी पृष्ठपराचा असल्याने त्याच लांबीला अधिक सुरक्षित असतो. अटलांटिकमधील लायनफिशच्या जठरातील अन्नाचे जे परीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात भक्ष्याची लांबी लायनफिशच्या लांबीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत आढळली. त्यावरून व्यवहारापुरता असा नियम करता येईल, की लायनफिशच्या निम्म्याहून कमी लांबीचा कोणताही मासा त्याच्या टाकीत सुरक्षित मानू नये. आणि निम्म्याहून मोठा असूनही सडपातळ असेल, तर त्याबाबतही शंका बाळगावी.

चावणाऱ्या गटात ट्रिगरफिश व पफरफिश येतात. त्यांचे तोंड लहान, पण दात बळकट असतात. ते मोठ्या माशाचेही पर व डोळे कुरतडू शकतात. त्यामुळे त्यांना मापाचा नियम लागू होत नाही. त्यांच्यात जातीजातींत आणि त्याच जातीच्या दोन माशांतही स्वभावाचा फरक आढळतो. लाल दातांचा ट्रिगरफिश बराचसा प्लवकांवर जगणारा व तुलनेने सौम्य, तर ठिपक्यांचा क्लाऊन ट्रिगरफिश मोठेपणी अत्यंत आक्रमक असतो.

मोरे ईल यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अरुंद बिळात राहणाऱ्या या माशाला तोंडाची पोकळी पुरेशी विस्तारून भक्ष्य ओढून घेता येत नाही. त्याऐवजी घशातील जबड्यांची दुसरी जोडी पुढे येऊन भक्ष्य पकडते व आत ओढते, हे रीता मेहता व पीटर वेनराइट यांनी २००७ मध्ये दाखविले. बोथट दातांचा स्नोफ्लेक मोरे मुख्यतः खेकडे व कोळंबी खातो. तीक्ष्ण दातांच्या जाती मात्र माशांच्या शिकारी आहेत. एकाच कुळातील या दोघांना एकच नियम लावणे चुकीचे ठरेल.

६. समुद्रातही नवागताची हीच अवस्था

टाकीतील नव्या माशाची स्थिती कृत्रिम आहे, समुद्रात असे होत नसावे, अशी समजूत असण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रवाळखडकावरील बहुतेक माशांची पिल्ले काही काळ उघड्या समुद्रात तरंगत राहून मग खडकावर उतरतात. वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्रित छाननी करून अल्मानी व वेबस्टर यांनी २००६ मध्ये असा अंदाज मांडला, की उतरल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांतच सुमारे ५६ टक्के पिल्ले नष्ट होतात. अल्मानी यांच्याच ग्रेट बॅरिअर रीफवरील प्रयोगांतून असेही दिसले, की भक्षक व क्षेत्रनिष्ठ मासे अगोदरपासून वस्तीला असतील, तर काही जातींच्या नवागतांची संख्या लक्षणीयरीत्या घटते. ‘आधी कोण आले’ ही बाब प्रवाळखडकावर निर्णायक ठरते.

मत्स्यालयात लहान मासे प्रथम व भक्षक मासे शेवटी सोडावेत, हा जाणकारांचा सल्ला याच तत्त्वावर उभा आहे. अगोदर आलेल्या लहान माशाला प्रत्येक कपार ठाऊक असते. भक्षक नवखा असतो. हा क्रम उलटला की बाजूही उलटते.

आश्रयस्थानांची संख्या व माप यांचेही असेच आहे. हिक्सन व बीट्स यांनी व्हर्जिन बेटांजवळ कृत्रिम खडक उभारून, १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले, की माशाच्या शरीराच्या मापाशी जुळणारी छिद्रे असतील, तर लहान माशांची संख्या वाढते. छिद्र फार मोठे असेल तर त्यात भक्षकच येऊन राहतो. आमच्या टाकीतील मोठमोठ्या कपारी दिसायला सुंदर होत्या. परंतु त्या लायनफिशच्या कामाच्या होत्या, क्रोमिसच्या नव्हे.

येथे कायद्याची एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. परदेशी पुस्तकांत आश्रयासाठी जिवंत खडक व प्रवाळ वापरण्याची शिफारस सर्रास आढळते. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना, समुद्रघोड्यांना व महाकाय हेकरूला २००१ पासून संरक्षण आहे. शैक्षणिक कामाच्या सबबीवर किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. भाजलेल्या मातीचे आखूड नळ, कौलांचे तुकडे व पी.व्ही.सी. नळ्यांचे निरनिराळ्या व्यासांचे तुकडे यांनी तेच काम उत्तम प्रकारे होते. शिवाय छिद्राचे माप आपल्याला हवे तसे ठरविता येते.

७. प्रवासाचा ताण

भक्षकाच्या तोंडी पडणारा मासा बहुधा अगोदरच दुबळा झालेला असतो. समुद्रातील अस्थिमत्स्याच्या रक्तातील क्षारता भोवतालच्या पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जात असते. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामाला ऊर्जा लागते. प्रवासात उपाशी, घाबरलेल्या माशाचा हा तोल ढळतो. असा मासा पृष्ठभागाजवळ धापा टाकतो किंवा कोपऱ्यात हेलकावे खातो, आणि नेमक्या अशाच हालचाली भक्षकाचे लक्ष वेधतात.

प्लास्टिकच्या पिशवीतील पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. माशाच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पी.एच. उतरतो. त्याच वेळी उत्सर्जित अमोनिया वाढत जातो, मात्र पी.एच. कमी असल्याने तो बहुतांशी अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पी.एच. वाढतो आणि अमोनियम मुक्त अमोनियात रूपांतरित होऊ लागतो. पी.एच. एक एककाने वाढला, तर मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणून लांबच्या प्रवासातून आलेला मासा उघड्या पिशवीत टाकीचे पाणी थेंबथेंब घालत तासन्‌तास ठेवणे अपायकारक आहे. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि विलगीकरणाच्या टाकीतील क्षारता अगोदरच पिशवीतील पाण्याशी मिळतीजुळती करून मासा त्वरित तीत हलवावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये.

जाळीने पकडताना त्वचेवरील श्लेष्मल थर खरवडला जातो, ही बाबही क्षुल्लक नाही. जखमी माशाच्या त्वचेतून स्रवणारे द्रव्य इतर माशांना धोक्याची सूचना देते, हे कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ मध्ये गोड्या पाण्यातील मिनो माशांत आढळले. डॅमसेलसारख्या प्रवाळवासी माशांतही अशा रासायनिक संकेतांचा पुढे अभ्यास झाला आहे. म्हणून लहान मासे जाळीऐवजी पारदर्शक भांड्याने हलविणे श्रेयस्कर.

८. प्रवेशाची पद्धती

वरील विवेचनावरून भक्षकांच्या टाकीत लहान मासे सोडण्याचे पुढील टप्पे निश्चित करता येतात.

(अ) निवड : गिळणाऱ्या भक्षकाचे तोंड उघडलेल्या स्थितीतील छायाचित्र घेऊन त्याच्या तोंडाचे माप अदमासावे. लहान माशाच्या शरीराची उंची त्याहून स्पष्टपणे अधिक असावी. भक्षकाची वाढ चालू असते, हेही विसरू नये. आज सुरक्षित असलेला मासा सहा महिन्यांनी सुरक्षित असेलच असे नाही. शक्य तेथे समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी बंदिस्त अवस्थेत पैदास केलेले मासे घ्यावेत. क्लाऊनफिशची अशी पैदास भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे.

(आ) विलगीकरण व वाढ : नवे मासे किमान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. सागरी माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी काही दिवस माशाच्या अंगावर व नंतर तळाशी कोशावस्थेत असतो. ही कोशावस्था काही दिवसांपासून अनेक आठवड्यांपर्यंत लांबू शकते. त्यामुळे आठ-दहा दिवसांचे विलगीकरण फसवे ठरते. याच काळात मासे नियमित खाऊ लागतात, बळकट होतात. मासा लहान असेल, तर मनूच्या घटाप्रमाणे त्याला येथेच काही महिने वाढू द्यावे.

(इ) भक्षकांचे अन्न : भक्षकांना जिवंत मासे खाऊ घालण्याची प्रथा पूर्णपणे बंद करावी. लुक टिनबर्गेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या ‘शोधप्रतिमा’ या संकल्पनेनुसार वारंवार मिळणाऱ्या भक्ष्याची प्रतिमा भक्षकाच्या मनात पक्की होते व तो तेच शोधू लागतो. ज्या लायनफिशला रोज जिवंत मासा मिळतो, त्याला प्रत्येक हलणारा लहान मासा अन्नच वाटतो. त्याऐवजी कोळंबी, माकूल व मांदेली यांचे तुकडे लांब चिमट्याने ठरावीक जागी व ठरावीक वेळी द्यावेत. गोड्या पाण्यातील गोल्डफिश तर मुळीच देऊ नयेत. त्यांत थायमिनेज हे विकर असल्याने सतत दिल्यास भक्षकाला थायमिनची उणीव भासते.

(ई) छिद्रयुक्त पेटी : मुख्य टाकीत छिद्रे असलेली पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी बसवून नवे मासे पाच ते सात दिवस तीत ठेवावेत. दोन्ही बाजू एकमेकांना पाहतात, पाण्याचा गंध एक होतो, पण स्पर्श होत नाही. भक्षक पेटीसमोर ठाण मांडून बसत असेल, सतत काचेवर तोंड मारत असेल, तर तेच आपले उत्तर समजावे व प्रयत्न थांबवावा. ही पेटी केवळ सवयीचे साधन नसून परीक्षेचेही साधन आहे.

(उ) मुक्तता : भक्षकांना पोटभर खाऊ घातल्यानंतर, सकाळी पूर्ण उजेडात पेटीचे दार उघडावे. तृप्त भक्षक शिकार करणारच नाही, अशी खात्री नसते. परंतु त्याची प्रवृत्ती मंदावते व लहान माशांना आश्रय शोधण्यासाठी संपूर्ण दिवस मिळतो. पेटी काही दिवस उघडी तशीच ठेवावी.

(ऊ) प्रकाशाचा क्रम : दिवे एकदम न मालवता टप्प्याटप्प्याने मंद करावेत, म्हणजे लहान मासे अंधार पडण्यापूर्वी आपापल्या जागी जातात. पहिल्या आठवड्यात सायंकाळी कोणी तरी टाकीजवळ असावे आणि माघारीसाठी दुसरी टाकी तयार असावी.

९. दुसरा प्रयत्न आणि त्याची मर्यादा

या पद्धतीने आम्ही पुन्हा प्रयत्न केला. पट्ट्यांच्या डॅसिलस जातीचे पाच मासे वेगळ्या टाकीत चार महिने वाढविले, आठवडाभर पेटीत ठेवले आणि एका सकाळी सोडले. पहिले तीन आठवडे पाचही मासे सुखरूप होते. त्यानंतर एका सायंकाळी वीज गेली. दिवे एकदम मालवले व बऱ्याच उशिराने आले. त्या रात्रीनंतर चारच मासे उरले. एका टाकीतील ही घटना म्हणजे प्रयोग नव्हे आणि तीवरून सामान्य सिद्धान्त काढता येणार नाही, हे उघड आहे. परंतु पद्धती कितीही काटेकोर असली, तरी ती एका बटणावर अवलंबून आहे, ही जाणीव त्या सायंकाळी झाली.

तोपर्यंत लायनफिशही वीस सेंटिमीटरच्या पुढे गेला होता. विद्यार्थ्यांशी चर्चा करून टाकीच्या मध्यभागी छिद्रयुक्त ॲक्रिलिकचा कायमचा पडदा बसविण्याचे ठरले. आता एका बाजूला लायनफिश व हेकरू, तर दुसऱ्या बाजूला चार डॅसिलस आहेत. सायंकाळी लायनफिश पडद्याजवळ येतो, तेव्हा डॅसिलस मासे मातीच्या नळांत शिरतात. विद्यार्थी त्या वेळांची नोंद ठेवतात. भक्षणाच्या वर्तनाचा जो अभ्यास आम्हांला हवा होता, तो कोणाचाही जीव न जाता होऊ लागला आहे.

१०. व्यापक संदर्भ

एका टाकीतील आठ माशांचा हा प्रश्न समुद्राच्या पातळीवर केवढा होऊ शकतो, हे अटलांटिक महासागराने दाखविले आहे. हिंदी व प्रशांत महासागरांतील मूळचा लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. मत्स्यालयांतून सोडलेले मासे हेच त्याचे सर्वाधिक संभाव्य कारण मानले जाते. पुढे तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. आल्बिन्स व हिक्सन यांच्या २००८ मधील बहामा बेटांवरील प्रयोगात, लायनफिश असलेल्या लहान खडकांवर स्थानिक माशांच्या नव्या पिल्लांची भर पाच आठवड्यांत सरासरी ७९ टक्क्यांनी घटलेली दिसली. तेथील लहान माशांना या शिकाऱ्याची ओळख नव्हती. तेथे मनुष्याने भक्षकाला नवख्या भक्ष्यांच्या घरात सोडले. मत्स्यालयात आपण नवख्या भक्ष्याला भक्षकाच्या घरात सोडतो. दोन्ही ठिकाणी उत्क्रांतीने व सहवासाने दिलेली सावधगिरी आपण एका क्षणात निरुपयोगी करतो. म्हणूनच टाकीत न जमलेला मासा जवळच्या समुद्रात सोडून देणे हा उपाय कधीही नव्हे.

११. निष्कर्ष

(१) आक्रमकता व भक्षण यांची कारणे भिन्न असल्याने त्यांवरील उपायही भिन्न असतात. एकाचा उपाय दुसऱ्यावर योजल्यास हानी होते.
(२) गिळणाऱ्या भक्षकांबाबत लहान माशाची लांबी व शरीराची उंची ही दोन्ही मापे पाहावीत. चावणाऱ्या भक्षकांबाबत मापाचा नियम पुरेसा नाही.
(३) संधिप्रकाश हा सर्वाधिक धोक्याचा काळ असल्याने अशा टाकीत नवे मासे सकाळी, पूर्ण उजेडात सोडावेत.
(४) योग्य मापाची आश्रयस्थाने, दीर्घ विलगीकरण व छिद्रयुक्त पेटी यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.
(५) काही मासे एकत्र ठेवूच नयेत, हा निर्णयही शास्त्रीय निर्णय असतो.

समुद्रात मात्स्यन्याय चालतो, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. टाकीत मात्र कोणाला कोणाशेजारी ठेवावयाचे, हे आपण ठरवितो. तेथील मृत्यूचे उत्तरदायित्व निसर्गावर टाकता येत नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते : आम्ही त्यांना खायला घातले होते, आणि ते आम्हांला ठाऊक नव्हते. विज्ञानाच्या अध्यापकाने असे उत्तर वर्गात मोकळेपणाने द्यावे, हा या अनुभवाचा सर्वांत उपयुक्त धडा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.